लाल कव्हरची पाठ

माझ्या धाकट्या दिरांना सगळे ‘भिंग’ म्हणतात. जुनी कॉमिक्स विकत घ्यायची, त्यांची अवस्था तपासून दहापैकी गुण द्यायचे आणि शौकिनांना विकायची, हा त्यांचा धंदा. कॉमिकची पाठ, म्हणजे घडीची बाजू, ते खिडकीच्या उजेडात तिरकी धरतात. वाचून वाचून तिथला रंग उडतो आणि केसाएवढ्या पांढऱ्या रेघा पडतात, त्या आधी बघतात. मग कोपरे बोथट झालेत का, पिनांना गंज चढलाय का, पानं पिवळी पडलीत का. एकदा त्यांच्या लग्नासाठी मुलीचा फोटो आला, तर तो उजेडात धरून म्हणाले, “डावा कोपरा दुमडलाय.” “अहो भावोजी, मुलगी बघा, मुलगी!” मी कपाळावर हात मारला. ते लग्न जमलं नाहीच.

त्यांच्या लेखी एकच गुन्हा माफ नव्हता: कव्हरवर रंग लावणं. रेघेने गुण कमी होतो, ते वय आहे. पण रेघ रंगाने झाकली की ती फसवणूक. असं कॉमिक ते दारात उभं करत नसत, आणि आणणाऱ्यालाही नाही. हे सगळं तावातावाने चालायचं ते दुकानात. घरी मात्र मधल्या खोलीतल्या कपाटात कॉमिक्स लावताना ते नुसते हळहळायचे, “काय देखणं कव्हर आहे! या चार पांढऱ्या रेघा तेवढ्या नसत्या तर!”

ही हळहळ ऐकायला घरात एकच माणूस असायचा. आमचे सासरे, अण्णा. जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. कुठलाही रंग बघावा आणि हुबेहूब तसा कालवून द्यावा, असा त्यांचा हात. छापील फलक आले आणि त्या हाताला काम उरलं नाही. मग मधल्या खोलीत खुर्ची टाकून लेकाचं काम बघत बसायचं.

त्या दिवशी मी भावोजींचा डबा द्यायला दुकानात गेले होते. तेवढ्यात दातांच्या डॉक्टर आल्या. भावोजींचं जुनं गिऱ्हाईक. भिंगाने गुण दिलेत म्हटल्यावर वरचं प्लास्टिकचं पाकीट न उघडता कॉमिक घेऊन जाणाऱ्या. आज मात्र त्यांनी लाल कव्हरचं एक कॉमिक काउंटरवर ठेवलं.

“तुम्ही लिहिलंय, रंग लावलेला नाही. हे बघा, पाठीवरून आतपर्यंत उतरलाय.”

भावोजींनी बघितलं. त्यांचा चेहरा कडक झाला. “माझ्याकडून गेलं तेव्हा नव्हता.”

“मग मी लावला का?”

“ते मी कसं सांगू? पण मॅडम, घरी नेऊन रंगवायचं आणि माझ्या गळ्यात मारायचं, असले नमुने मी पुष्कळ बघितलेत.”

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्यातला एक फिसकन हसला. डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कॉमिक तिथेच ठेवून त्या निघून गेल्या.

“बघितलंत वहिनी? पैसेसुद्धा मागितले नाहीत. मनात खोट असल्याशिवाय का?”

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

संध्याकाळी चहाच्या वेळी भावोजींनी ते कॉमिक टेबलावर ठेवून जांभळा दिवा लावला. त्या उजेडात वरून लावलेला रंग काळपट दिसतो. “या, बघा. लबाड असली तरी बाईने माणूस पकडलाय बरं का कसबी! साध्या उजेडात मलासुद्धा पटकन दिसलं नसतं.”

अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा असा खुलला होता, की किती वर्षांत मी तसा बघितला नव्हता.

“जमलंय ना? नुसता तांबडा बसत नव्हता रे. थेंबभर काळा घातला, तेव्हा कुठे मिसळला.”

अण्णा आमच्या तोंडांकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांचं हसू विझलं. “तूच म्हणायचास ना, रेघा नसत्या तर...”

भावोजी कपाटातून कॉमिक विक्रीला काढताना पाकीट पुन्हा उघडत नसत. स्वतः दिलेल्या गुणांवर तेवढा भरवसा.

“अजून किती?” त्यांनी विचारलं.

“लाल होती ती. सगळी नाहीत.”

भावोजींनी दिवा बंद केला. मग खाली बघतच म्हणाले, “घरातली गोष्ट आहे. बाहेर कुणाला कळायचं कारण नाही.”

“म्हणजे ती बाई खोटीच राहणार?” अण्णांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. भावोजींनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी भावोजी दवाखान्यात जायला निघाले. अण्णा चपला घालून आधीच दारात उभे. मग मीही निघाले.

बाहेरच्या बाकांवर गाल धरून बसलेले पेशंट. “मॅडमशी जरा आत बोलायचं होतं,” भावोजी मदतनीस बाईंना म्हणाले. तेवढ्यात डॉक्टरच दारात आल्या, हातमोज्यांसकट. “बोला ना. इथेच बोला.”

“ते... घरी वडिलांच्या हातून...” भावोजींनी सुरुवात केली. अण्णांनी दोन्ही हात सदऱ्याखाली घेतले. ते बघून भावोजी अडखळले. मग आवाज चढवून, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं म्हणाले, “चूक माझी आहे. मी न तपासता कॉमिक दिलं. आणि चार माणसांत तुम्हाला खोटं पाडलं. तुम्ही खरं बोलत होता.”

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला.

“काल घरी जाऊन मी माझी सगळी कॉमिक्स उघडून बघितली,” त्या म्हणाल्या. “भिंगाची नजर चुकायची नाही, म्हणजे माझ्याच हातून कधी काही लागलं असेल. नवऱ्याला विचारलं, मुलीलाही रडेस्तोवर विचारलं. तिने लावलाच नव्हता हो.”

भावोजींनी पैशाचं पाकीट पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, मोजलं नाही, आणि “पुढचं कोण?” म्हणून आत गेल्या.

त्यानंतर डॉक्टर दुकानात आलेल्या नाहीत. लाल कव्हरं ज्यांना ज्यांना विकली, त्या सगळ्यांना भावोजींनी फोन केले, तेही दुकान भरलेलं असताना, सगळ्यांना ऐकू जाईल असे. काहींनी कॉमिक्स परत आणली, काही अजून आणतात. “अण्णा, दुकानात चला, गल्ल्यावर बसा,” भावोजी रोज सकाळी म्हणतात. अण्णा म्हणतात, “आज गुडघा दुखतोय रे.” मग भावोजी एकटेच जातात.