मराठी वाचक: एक

१२ जून २०२४ रोजी, राज्याच्या ग्रंथालय खात्याकडून कानडी राजधानीतल्या पीण्या या औद्योगिक वस्तीच्या शाखेत आलेले पुस्तकांचे गठ्ठे आप्पाजींनी सोडले. सोबतच्या यादीवर एकूण किंमत होती अठरा हजार सहाशे चाळीस रुपये. ग्रंथपाल आप्पाजींनी दोनदा बेरीज केली. बरोबर होती. मराठी पुस्तक मात्र एकही नव्हतं.

संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या जे. पी. नगर शाखेतून महांतेशचा फोन आला. "सर, आमच्याकडं मराठीची साठ आलीत बघा. नवी कोरी!"

महांतेश मूळचा आप्पाजींच्याच हाताखालचा. पुस्तकाच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी सरळ कशी चिकटवायची, हे त्यांनीच त्याला शिकवलेलं. अजूनही त्याच्या चिठ्ठ्या वाकड्याच असणार, अशी त्यांची खात्री होती. आणि साठ पुस्तकं त्याला! घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर काय एकटे जे. पी. नगरवाले भरतात?

"छान," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

खरं दुखणं पुढंच होतं. विठाबाई निपाणीच्या, पीण्यात नटबोल्टच्या कारखान्यात पॅकिंगला. अकरा वर्षं दर शनिवारी त्या एक मराठी पुस्तक नेत. शाखेतलं मराठीचं एकुलतं कपाट त्यांचं दोनदा वाचून झालं होतं. आप्पाजी चिकोडीचे. आठवडाभर कन्नडमधून कारभार केल्यावर "काय अण्णा, नवं काय आलंय?" हे ऐकण्यासाठी ते शनिवारची वाट बघत.

जुलैत चार शनिवार विठाबाई आल्या नाहीत. पाचव्या शनिवारी आल्या, त्या जुनं पुस्तक परत करायला.

"रविवारी महांतेशकडं जाते आता. दोन बसा बदलाव्या लागतात, पण आम्हा बायकांना सरकारी बसला तिकीट कुठाय?"

आप्पाजींनी उशिराचा दंड मोजून घेतला आणि पावती फाडली.

दर जानेवारीत खातं प्रत्येक शाखेकडून एक तक्ता मागवतं. रोज वाचक किती येतात, कुठल्या भाषेचे किती, ते त्यात भरायचं आणि त्यावरून पुस्तकं वाटली जातात. महांतेशनं आकडे फुगवले असणार. ते पकडायला आप्पाजींनी रविवारची किरकोळ रजा टाकली, तीन वर्षांतली पहिली.

जे. पी. नगरच्या दारात हजेरीवही होती. आत येणाऱ्यानं सही करायची, हा नियम. आप्पाजींनी सही केली आणि महांतेशचा एक वाचक वाढवला.

आत बसायला जागा नव्हती. पुण्या-नागपूरकडची आयटीतली मंडळी मुलाबाळांसकट आली होती. आप्पाजींनी मराठीच्या कपाटावरून बोट फिरवलं. साठच्या साठ चिठ्ठ्या सरळ होत्या.

कोपऱ्यात विठाबाई बसल्या होत्या आणि महांतेश त्यांच्यासमोर कॉफीचा ग्लास ठेवत होता. आप्पाजींच्या शाखेत खायला-प्यायला बंदी होती.

"या सर! पाहणी करायला?" महांतेश हसला.

"सहज आलो. एवढे मराठी वाचक तुला सापडले कुठे?"

"सापडतात कसले! बारा सोसायट्यांच्या पायऱ्या चढलो, तेव्हा सह्या मिळाल्या. तुम्ही किती लिहिले होते?"

"एक," आप्पाजी म्हणाले. "जितके होते तितके."

विठाबाईंनी पुस्तक मिटलं. "एक? अहो अण्णा, जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्यानं वाचते, अकरा जणी ऐकतात. पान चुकलं तर ओरडतात माझ्यावर."

"मग मला सांगितलं का नाही?"

"विचारलंत कधी? तुम्ही तारखेचा शिक्का मारायचात. तोही बघा, कसा चौकोनात!"

महांतेशनं तोंड फिरवून हसू दाबलं. "सर, अर्ज करा. वीस पुस्तकं सहा महिन्यांसाठी तुमच्या शाखेकडं पाठवतो."

महांतेशकडं अर्ज! आप्पाजींनी नकारार्थी मान हलवली. स्वतःचं सभासद कार्ड काढून कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक आपल्या नावावर घेतलं आणि विठाबाईंपुढं ठेवलं.

"हे कारखान्यात वाचा. रविवारी दोन बसा कशाला?"

"सरी," कानडीत होकार देत विठाबाई म्हणाल्या. "पण हे संपल्यावर?"

सोमवारी ग्रंथालयाला सुट्टी होती. आप्पाजी नवा तक्ता घेऊन कारखान्याच्या शेडमध्ये गेले. वाचन रंगात आलं होतं. डबा उघडा टाकून बायका ऐकत होत्या. आप्पाजींनी अकरा नावं घेतली, आठ सह्या, तीन अंगठे. जानेवारीत मराठी वाचकांच्या रकान्यात त्यांनी बारा लिहिलं. महांतेशच्या तक्त्यात त्या वेळी चौऱ्याण्णव होते, हे त्यांनी विचारून घेतलं होतं.

विठाबाई पुन्हा शनिवारी येऊ लागल्या. रविवारीही जातात.

ते जाड पुस्तक शेडमध्ये संपायला मुदतीपेक्षा नऊ दिवस जास्त लागले. आप्पाजींनी ते विठाबाईंच्याच हाती परत पाठवलं. दंड दिवसाला एक रुपया आणि तो सभासदानं स्वतः येऊन भरायचा असतो. आप्पाजींकडून जे. पी. नगर शाखेला अजून नऊ रुपये येणे आहेत.