कडब्याच्या गंजीतले बूट

शुद्धलेखन मला जमत नाही आणि अक्षर कोंबडीने माती उकरल्यासारखे येते. चौथीनंतर पाटी हातात आली ती थेट मुलांची. ही वही कधी कोणाच्या हाती लागलीच तर लिहिण्यातल्या चुका पोटात घालाव्यात. पुढे एक मोठी चूक आहे, ती मात्र नीट वाचावी.

"बारके, हात हालव, हात! पाय आपसूक येत्यात."

असे आक्का म्हणायच्या. मी घरातली धाकटी सून, म्हणून बारकी. आक्का आमच्या अंथुर्ण्याच्या बालवाडीत मदतनीस होत्या. सकाळी दारोदार फिरून मुले गोळा करायच्या. एक कडेवर, दोन बोटाला, बाकीची पदर धरून. तुम्ही त्यांना बघितले असते तर म्हणाला असता, ही बाई कधी एकटी चालतच नसेल.

पण त्या चालायच्या. पहाटे.

तेव्हा आमच्याकडे घरात संडास नव्हते. बायकांनी उजाडायच्या आत तांब्या घेऊन बाहेर जायचे. दिवसात तेवढाच वेळ असा, की कुठे चाललीस म्हणून कोणी विचारायचे नाही. आक्का तांब्या बाभळीखाली ठेवायच्या, पदर खोचायच्या आणि कालव्याच्या कडेने भराभर चालत सुटायच्या. पुलापर्यंत जाऊन परत. येताना तांब्या उचलला की झाल्या पुन्हा चार बायकांसारख्या.

एकदा मी विचारले, "आक्का, असं कशापायी चालता?"

"तिसऱ्या पोराच्या वक्ताला कंबर धरली. नर्सबाई म्हणली, चाल."

"मग अजून दुखती व्हय?"

"कंबर कवाच बरी झाली. दिसभर मी कुणाची आय, कुणाची बायकू, सगळ्या गावाच्या पोरांची दाई. पुलापतूर मी माझी असती. तू बी ये."

मी गेले. आणखी दोघी आल्या. बाभळीखाली चार तांबे ओळीने बसायचे. पहिल्या दिवशी मी पुलाआधीच धापा टाकत खाली बसले. आक्का म्हणाल्या, "दोन लेकरं काढलीस, आन् येवढ्यात बसलीस व्हय?" आम्ही इतक्या हसलो की पलीकडच्या उसातून बगळे उडाले. महिन्याभरात माझी पाठ दुखायची थांबली. भाकरी थापताना मी मनातल्या मनात पूल मोजायची. अकरा माणसांच्या घरात माझे स्वतःचे असे काही पहिल्यांदाच होते.

त्या वर्षी इंदापूरला महिला मेळावा ठरला. त्यात आयांची चालण्याची शर्यत होती.

"पोरी न्हाय घ्यायच्या," आक्का म्हणाल्या. "लेकुरवाळ्या बायाच. पयल्या नंबराला कुकर हाय."

"आन् दुसऱ्याला?"

"दुसऱ्याचं कशाला इचारती? मोठी पिशवी घे."

माझ्या चपलेच्या पट्ट्याला टाचणी होती. आक्कांनी बाजारातून पांढऱ्या कापडी बुटांचे दोन जोड आणले. एक त्यांना, एक मला. जोडाचे सत्तर रुपये. माझ्याकडे सात नव्हते.

"अंडी इकून दे. मी काय पळून चाललीय?"

"रोजच की पळता पुलापतूर," मी म्हणाले. माझ्या तोंडून चेष्टा निघाली म्हणून त्या थांबून माझ्याकडे बघतच राहिल्या.

बूट मी कडब्याच्या गंजीत लपवले. गोठ्यात कोणी नसताना घालून बघायची. जन्मात पहिल्यांदा पायात बूट. बोटे आत एकमेकांना चिकटून बसायची, नव्या नवरीसारखी. मेळाव्याला जायचे घरी कसे सांगायचे हे अजून ठरले नव्हते. बालवाडीचा कार्यक्रम आहे म्हणून सांगू, असे आक्का म्हणाल्या होत्या.

मेळाव्याला चार दिवस राहिले होते. सासूबाई गुरांना वैरण काढायला गेल्या आणि पेंढीबरोबर एक बूट खाली आला. त्या तो हातात धरून अंगणात आल्या. नेमक्या त्याच वेळी आक्का माझ्या मुलाला बालवाडीत न्यायला दारात आल्या. मुलाने पळत जाऊन त्यांचे बोट धरले.

"हे कुणाचं?" सासूबाईंनी विचारले.

मी खाली बघितले. एवढेच म्हणायचे होते, माझे आहेत. फार तर दोन शिव्या, एखादी चापट. ते काही मला नवीन नव्हते. पण पहाटेचे चालणे बंद होईल, आणि घरात सगळ्यांच्या तोंडी मी होईन, याची भीती वाटली.

"तिचं हाय," मी म्हणाले. "तिनंच ठिवलं आसल. मला म्हायती न्हाय."

कालव्यावर 'आक्का, तुमी', आणि दारात 'तिचं'.

सासूबाईंनी लगेच खरे मानले. आक्का बौद्धवस्तीतल्या होत्या. खोटे कोणाच्या नावावर खपेल हे मला ठाऊक होते. तोंड उघडायच्या आधीच ठाऊक होते.

"आमच्या गंजीत तुजी पायताणं? सुनांना नादी लावती व्हय गं?"

आक्कांनी माझ्याकडे बघितले. रागाने नव्हे. बालवाडीत पोराने चड्डी ओली केली की त्या अशाच बघायच्या.

"व्हय, माझंच हाय," त्या म्हणाल्या. "चुकलं." स्वतः गंजीत हात घालून दुसरा बूटही काढला आणि दोन्ही पिशवीत टाकले. सासूबाईंनी मुलाचा हात आक्कांच्या बोटावरून सोडवून घेतला. तो रडत राहिला. त्या वर्षी तो बालवाडीत गेला नाही.

आठ दिवस गिरणीवर हीच चर्चा. बाकीच्या दोघी यायच्या बंद झाल्या. मीही तांब्या घेऊन दुसऱ्या बाजूला जाऊ लागले. बाभळीखाली आता एकच तांब्या असायचा. तो लांबून दिसला की मी तोंड फिरवायची.

मेळाव्याला त्या एकट्याच गेल्या. कुकर मिळाला की नाही, मी कोणाला विचारले नाही.

अंडी विकून सत्तर रुपये वर्षाच्या आत जमले. तोंड दाखवायचे धाडस जमले नाही. मग आक्कांच्या थोरल्याला बारामतीला नोकरी लागली आणि सगळे तिकडे गेले. पैसे माझ्या ट्रंकेत चोळीच्या घडीत राहिले. सासूबाई गेल्या तरी तिथेच होते.

पुढे माझा मुलगा बारामतीच्या शाळेत गेला. त्याला वसतिगृहात सोडून एक रात्र नात्यातल्या घरी राहिले. सकाळी पत्ता विचारत निघाले. आक्कांची सून म्हणाली, "आत्या ग्राउंडवर असत्यात."

उजाडले होते. आक्का मैदानाला फेऱ्या मारत होत्या. केस पांढरे झालेले, पायात बूट. हातात तांब्या नव्हता. दोन्ही हात मोकळे हलत होते आणि कोणी त्यांना काही विचारत नव्हते.

"बारके?" त्या थांबल्या. "पोरगं कसं हाय?"

मी मूठ पुढे केली. "सत्तर हायत."

मला वाटले, राहू दे म्हणतील. म्हणाल्या असत्या तर मी ते पैसे जन्मभर वागवत बसले असते. त्यांनी घेतले. नोटा एकेक करून मोजल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवल्या.

"पुरं हायत," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्या दिशी तुजा जोड संगं नेला व्हता इंदापूरला. म्हणलं, आली तर."

जे सांगायला एवढ्या लांब गेले होते ते तोंडातून निघालेच नाही.

त्या पुढच्या फेरीला निघाल्या. मी फाटकाशी उभी होते. पलीकडच्या कोपऱ्यातून हाक आली, "बारके, हात हालव!"

तेव्हा खाली बघितले. पैसे सगळे फिटले होते. हाताची मूठ मात्र पुन्हा तशीच मिटलेली होती.