उत्तरदाता क्रमांक सात

आपल्या जिल्ह्यातल्या संशोधनावर माझ्या मामेसासऱ्यांचे जेवढे उपकार आहेत, तेवढे एखाद्या कुलगुरूंचेही नसतील. स्वतः मामा सातवीच्या पुढे गेलेले नाहीत. शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्यात त्यांचा थोडा ऊस आहे, थोडा कांदा आहे आणि दोन गाई. पण घर पडलं अगदी रस्त्याला लागून. त्यामुळे मातीवर, माणसावर किंवा देवावर पीएच.डी. करायला निघालेला जो कोणी एसटीतून उतरतो, तो पाणी प्यायला पहिल्यांदा मामांच्याच ओट्यावर टेकतो. पाठीला सॅक आणि हातात फाईल दिसली, की मामा हातातलं काम टाकून उठतात, टोपी बदलतात आणि विचारतात, "माती का माणसं?"

पाहुणचाराच्या बाबतीत मामांचा हात धरणारा कोणी नाही, आणि नेमकं तेच विज्ञानाला बाधतं. दौंडहून एक मुलगा कांद्याच्या वावरातली माती तपासायला आला होता. मामांनी त्याला झाडाखाली बसवलं, ताक दिलं आणि स्वतः जाऊन पिशवी भरून आणली. माती पाहून तो मुलगा हरखला. महिन्याभराने त्याने शंका विचारायला फोन केला तेव्हा उलगडा झाला, की मामांनी ती उकिरड्याच्या कडेची, चांगली मुरलेली, काळीभोर माती दिली होती. "मग पाव्हण्याला काय वाईट माती द्यायची व्हय?" हे त्यांचं म्हणणं. पण चूक कळल्यावर माणूस स्वस्थ बसला नाही. वावरातली खरी माती घेऊन, पिशवी मांडीवर ठेवून, एसटीने दौंडला गेला. कंडक्टरने विचारलं, "आबा, काय हाय पिशवीत?" मामा म्हणाले, "शेत."

पुढे बिबट्यांचा अभ्यास करणारे आले. उसाच्या कडेला त्यांनी आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला आणि गेले. पंधरा दिवसांनी उघडून पाहिलं, तर बिबट्या एकदा, तोही शेपटीकडून, आणि मामा रोज सकाळ-संध्याकाळ. काही फोटोंत तर भांग पाडून. मी हसलो तेव्हा मामा रागावले. "दुसऱ्याची वस्तू आपल्या बांधाला हाय. येऊन बघाय नको?" धर्माचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापकांनी त्यांना विचारलं होतं, "देव आहे असं तुम्हाला वाटतं का?" मामा बांधावरच्या म्हसोबाकडे बोट दाखवून म्हणाले, "शेजारीच राहतो. वाटायचा प्रश्न कुठं येतो?" आणि लगेच त्यांना विहाराजवळच्या आप्पांकडे घेऊन गेले. आप्पा निवृत्त शिक्षक, बुद्धवंदना न चुकवणारे आणि मामांचे जिवलग. "माझ्याकडं अर्धंच उत्तर हाय, बाकीचं ह्यांच्याकडं," असं सांगून मामांनी सरांना तिथे सोडलं. दोघांचं ऐकता ऐकता सरांची शेवटची एसटी चुकली.

एवढ्या सगळ्यात मामांची एकच मागणी असे. संशोधक मंडळी आधी संमतीपत्रावर सही घेतात. गावात बाकीचे लोक न वाचता सही ठोकतात, मामा मात्र चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतात. शेवटी कुठेतरी लिहिलेलं असतं, की संशोधनाचे निष्कर्ष हवे असल्यास कळवले जातील. मामा मान वर करून म्हणत, "हवेत." समोरचा गोंधळून जाई, कारण ते आजवर कोणी मागितलेलेच नसत. मग सहा महिने वाट बघून मामा फोन लावत. "मी तुमचा नमुना बोलतोय, न्हावऱ्याहून. काय निगालं?" बहुतेकदा नंबर बदललेला असे. माती गेली, पाणी गेलं, एकदा रक्तसुद्धा गेलं, पण निघालं काय ते सांगायला कोणी परत आलं नाही.

त्यातल्या एका निष्कर्षावर मामींचाही जीव होता. समाजशास्त्राची एक मुलगी आली होती, टेपरेकॉर्डर आणि भली मोठी प्रश्नावली घेऊन. तिने विचारलं, "घरातले निर्णय कोण घेतं?" मामांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, आपल्यात निर्णय कोण घेतं?" आतून मामींचा आवाज आला, "तुम्ही घेता म्हणून लिहा." मुलीने तसं लिहून घेतलं आणि ती गेली. तेव्हापासून मी कधीही गेलो, की मामी चहाचा कप हातात देताना विचारायच्या, "जावईबापू, काय निगालं हो त्या पोरीचं? कोण घेतं म्हनं निर्णय?" आणि हसायच्या. मी शिरूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. प्रबंध शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. दर सोमवारी मामा बाजाराच्या निमित्ताने ग्रंथालयात डोकावायचे, "तिनं इचारलंय," म्हणायचे, आणि मी "बघतो मामा" म्हणायचो. कामाची गर्दी असायची, खोटं कशाला सांगू, कधी नसायचीही. गेल्या वर्षी मामी गेल्या. तोवर मी बघितलेलं नव्हतं.

दिवस-कार्य झाल्यावरच्या सोमवारी मामा आले. या वेळी "तिनं इचारलंय" असं म्हणाले नाहीत. समोरच्या बाकावर टेकले. मी संगणकावर विद्यापीठाचे प्रबंध उघडले. अर्ध्या तासाच्या आत त्या मुलीचा प्रबंध सापडला. नावं कुणाचीच नव्हती, सगळ्यांचे क्रमांक होते. पण शिरूर तालुका होता, दोन गाई होत्या, आणि परिशिष्टात हे होतं:

उत्तरदाता क्र. ७ : (आत पाहून) अगं, आपल्यात निर्णय कोण घेतं?
पत्नी : (आतून) तुम्ही घेता म्हणून लिहा.

मी ते पान छापून मामांच्या हातात दिलं आणि निष्कर्षाचं पान वाचून दाखवलं. बहुतेक घरांत निर्णय पुरुष घेतात असं निघालं होतं, आणि त्या पुरुषांत क्रमांक सात धरलेला होता. मामा एकदम तडकले. "चुकलंय हे."

"का हो मामा? तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी कुठं सांगितलं? काय लिवायचं त्ये बी तिनंच ठरवलं की! मग निर्णय कुणाचा झाला?"

हे त्या मुलीच्या मार्गदर्शकांनी ऐकायला हवं होतं. मामा पुन्हा त्या पानाकडे वळले. त्यांचं बोट 'आतून' या शब्दावर जाऊन थांबलं. "व्हय," ते हळूच म्हणाले, "आतच हुती. भाकऱ्या टाकत हुती." मग पानाची घडी घालून त्यांनी ती बंडीच्या खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "लई शोधावं लागलं आसंल, न्हाई?" मी हो म्हणालो. ती लाज अजून गेलेली नाही.

मागच्या महिन्यात मी न्हावऱ्याला गेलो, तेव्हा ओट्यावर एक प्राध्यापक बाई टॅब घेऊन बसल्या होत्या. दूधधंदा करणाऱ्या कुटुंबांवर त्यांचं काम चाललं होतं. मामांनी टोपी बदललेली होती, संमतीपत्र वाचून झालं होतं, "हवेत" म्हणूनही झालं होतं. गाई किती, दूध किती, असं करत करत बाई त्या प्रश्नावर आल्या.

"घरातले निर्णय कोण घेतं, मामा?"

मामांनी सवयीने मान स्वयंपाकघराकडे वळवली. तोंडही उघडलं. आत कोणी नव्हतं. बाई टॅबवर बोट धरून थांबल्या. मामाही तेवढाच वेळ थांबले, जेवढा आतून उत्तर यायला लागला असता.

"मी घेतो म्हणून लिवा," ते म्हणाले.

"नक्की ना?"

"नक्की. तसं तिनं सांगून ठेवलंय."