धुतलेल्या रस्त्याची हवा

विमानतळाच्या विस्ताराने भोवतालच्या हवेचे काय होते, हे मोजण्याचे काम मी त्या हिवाळ्यात करीत होते. धावपट्टीसाठी मुरूम वाहणारे डंपर ज्या रस्त्याने जात, त्याच्या काठच्या एका घराच्या गच्चीवर आम्ही यंत्र ठेवले होते. हवा आत ओढून तिच्यातली धूळ कागदावर धरीत ते चोवीस तास घुमत राही. तक्रार त्या घरातल्या बाईचीच होती. तिच्या लेकीला सारखी धाप लागे. धूळ मर्यादेबाहेर भरली, तरच डंपरांचा रस्ता बदलणार होता.

दुसऱ्या दिवशी कागद काढायला जिना चढले, तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या. आठवड्यातले ते पाचवे गाव. वर ओल्या मातीचा गार वास होता; क्षणभर बरे वाटले, मग खालचा रस्ता ओला दिसला. झाकण उघडले. कागद जवळजवळ कोरा होता.

"वहिनी, रस्त्यावर पाणी मारलंत?"

"मारलं की! तीनदा. पावण्यांचं मिशिन, आन् त्येच्यावर धूळ बसू द्यायची व्हय? वरनं धुतलेलं लुगडं बी पांघरलंतं. आत्ता काढलं."

"अहो, ते धूळ खायलाच आलंय."

"मग आधी सांगायचं न्हाय का, बाई! नुसतं न्हाऊ घालायचं ऱ्हायलंतं त्येला!" ती मोठ्याने हसली आणि मध्येच थांबली. जिन्यातून, खालच्या खोलीतल्या लेकीच्या श्वासाची बारीक शीळ ऐकू येत होती.

वरिष्ठांना फोन केला. "मर्यादेत आहे ना? मग नोंद करा आणि निघा." खाली गाडी उभी होती. माझे सारे अंग त्या गाडीत बसायला तयार होते.

मी नोंदवहीत 'नमुना रद्द' लिहिले, खाली कारणही लिहिले आणि नवा कागद बसवला. खाली उतरून, आज पाणी मारू नका, काही झाकू नका, असे तिला बजावले. पाहुणी दारात असताना अंगण तसेच ठेवणे तिला जड जात होते. हातातली बादली तिने दोनदा उचलली, दोनदा ठेवली.

पहिला डंपर गेला. दातांखाली मुरूम करकरला. तिने लेकीला उचलून मागच्या खोलीत नेले, दार ओढून घेतले आणि फटीत तेच लुगडे कोंबले. शीळ तरीही ऐकू येत होती. आणखी चोवीस तास त्या मुलीने हीच हवा घ्यावी, असे मीच ठरवले होते.