वाटेत कुणी उघडायचं नाही

जगात काहीही उघड्यावर जाऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या बंगळुरातल्या कोरमंगलाच्या ऑफिसातले डेटाबेसवाले अण्णा. "आज भाजी काय?" एवढं विचारलं तरी आधी मागे वळून बघायचे आणि मग "दोडका" हा शब्द सरकारी गुपित फोडावं तसा माझ्या कानात सोडायचे. वाढदिवसाचं कार्ड द्यायचं तर पाकिटाला डिंक, वर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर सही. डब्याला फडकं, फडक्याला गाठ, गाठीवर रबर. हा डबा त्यांची थोरली बहीण करून द्यायची. लग्न न झालेली, त्यांच्याच घरी राहणारी. ते तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही. भाजीत अर्धा वाटा माझा असे. फोनवर तर कहर. माझं नाव स्क्रीनवर दिसत असलं तरी विचारायचेच, "परवा अक्कानं भाजी काय दिली होती?" बरोबर सांगितलं की मग कन्नडात ठीक म्हणायचे, "सरी. बोल." "अहो, आवाज ओळखता ना माझा?" म्हटलं तर म्हणायचे, "आवाज काय, कुणीही काढील. आधी माणूस तोच आहे का बघावं, पदवीधर, मग तोंड उघडावं." मला ते पदवीधर म्हणत. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेला मी पहिला, हे मी कुणालाही पहिल्या भेटीतच सांगतो. त्यात लाजायचं काय?

आमची कंपनी लॅबवाल्यांचे रिपोर्ट सांभाळते. होसकोटे, आनेकल अशा ठिकाणांहून रक्ताचे, थुंकीचे रिपोर्ट इंटरनेटवरून निघायचे आणि क्लाउडवरच्या आमच्या डेटाबेसात येऊन पडायचे. डेटाबेसला एन्क्रिप्टेड कनेक्शनही चालायचं आणि साधंही. साध्या कनेक्शनवर रिपोर्ट जसाच्या तसा जातो, मधे कुणी टपून बसला तर खुशाल वाचावा. अण्णांचं म्हणणं एकच, साधं कनेक्शन आलं की डेटाबेसनं त्याला दारातूनच परत पाठवावं. एक सेटिंग बदलायची, बस. पण होसकोट्याच्या मशीनवरचं सॉफ्टवेअर इतकं जुनं, की त्याला एन्क्रिप्शन जमतच नव्हतं. त्यामुळे आमचा पुण्याचा मॅनेजर ते पुढे ढकलत राहिला.

"अण्णा, पासवर्ड आहे ना? मग?" मॅनेजर म्हणाला.

"पासवर्ड दाराला आहे. रिपोर्ट रस्त्यानं उघडा चाललाय."

"आपले रिपोर्ट वाचतंय कोण हो?"

"किराणावाला," अण्णा म्हणाले आणि उठून गेले.

मॅनेजर माझ्याकडे बघत राहिला. मला त्याचा अर्थ खाली कॉफी पिताना कळला. अक्का तरुण असताना तिला क्षय झाला होता. लॅबच्या माणसानं रिपोर्ट पाकिटाशिवायच खालच्या किराणावाल्याकडे ठेवला, वर द्या म्हणून. "गल्लीला कळलं, ठरलेल्या सासरी कळलं, सगळ्यांत शेवटी अक्काला," अण्णा म्हणाले. "बरी झाली रे ती. लग्न मोडलं ते मोडलंच."

शेवटी मॅनेजर कंटाळून हो म्हणाला. अण्णांनी सगळ्या लॅबना आधी कळवलं, एकेकीचं कनेक्शन तपासलं आणि सेटिंग चालू केली. ठरल्याप्रमाणे होसकोटे तुटलं. तिथं नवं मशीन बसेपर्यंत अण्णा रोज बस धरून जायचे आणि तिथले रिपोर्ट बंद पाकिटांतून डॉक्टरांकडे स्वतः पोचवायचे. डिंक असा, की पाकिटाबरोबर रिपोर्टही फाटायचा. एका डॉक्टरांनी हात जोडले म्हणे, "स्वामी, डिंक स्वल्प कमी."

आणि मग अक्काचं वजन उतरायला लागलं. तपासणी आमच्याकडेच रिपोर्ट पाठवणाऱ्या एका लॅबमध्ये झाली. त्या दिवशी अण्णा स्क्रीनसमोर बसून होते. कुणाचाही रिपोर्ट बघायची मुभा असलेला आमच्यातला तो एकच माणूस.

"अण्णा, आला असेल. बघून टाका की. घरचे सगळे खोळंबलेत."

"आला असेल," ते म्हणाले, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. "वाटेत कुणी उघडू नये म्हणून एवढं केलं. मग मी कोण रे? या वेळी तिला आधी."

ते घरी गेले, अक्काला घेऊन रिक्षानं लॅबमध्ये गेले. परत येताना रिक्षातच तिनं कागद वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "घरी चल. भाजी चिरायची राहिलीय." अण्णांनी विचारलं नाही. जेवायला बसल्यावर तिनंच सांगितलं. त्यानंतरही झेपलं तोवर ती डबा देत राहिली. उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आधी गेली.

अण्णा आता निवृत्त झालेत. त्यांची सेटिंग चालू आहे. साधं कनेक्शन आलं की डेटाबेस अजून दारातूनच परत पाठवतो, आणि मला उगीच अण्णांनीच हाकलल्यासारखं वाटतं.

परवा त्यांना फोन केला. पलीकडे नुसता पंखा ऐकू येत होता. मग तोच दबका आवाज आला.

"अक्कानं शेवटची भाजी काय दिली होती?"

"दोडका."

"मीठ?"

"कमी होतं, अण्णा."

"सरी," ते म्हणाले. "बोल."