साठ पावलं आणि बाटलीतली निळी शाई

कोबीची पानं उकळून झाली होती, भाताचं सारण कालवून झालं होतं आणि निम्म्या गुंडाळ्या पातेल्यात ओळीने बसल्या होत्या, तेवढ्यात गल्लीतल्या, हज करून आलेल्या हाग्गा दौलत दार ढकलून आत आल्या. एतमादने कोपराने खुर्ची पुढे सरकवली. हात सारणाने माखलेले.

"बसायला वेळ नाही गं. उद्या नातवाचं सुबूअ, सातवा दिवस त्याचा. साठ पिशव्या भरायच्यात, खारे दाणे, लिमलेट, सगळं आणलंय. प्रत्येक पिशवीवर त्याचा फोटो हवा. आणि चेहऱ्यामागे सगळं निळं, गडद! कुणाची नजर लागायला नको."

इजिप्तमधल्या दमनहूरच्या त्या गल्लीत असलं काम एतमादकडेच यायचं. कुवेतहून भावाने फोटोचा छोटा प्रिंटर आणून दिला, त्याला तीन वर्षं झाली. पहिली शाई संपली तेव्हा नव्या संचाची किंमत ऐकून तिचा नवरा शुक्री म्हणाला होता, "यापेक्षा नवा प्रिंटर घे, आणि हा कोंबड्यांना दे." तिने दोन्ही केलं नाही. औषधवाल्याकडून इंजेक्शनची सुई घेतली, स्टेशनजवळच्या दुकानातून बाटलीतली शाई घेतली आणि प्रिंटरमधल्या शाईच्या रिकाम्या डबीच्या भोकातून बिस्मिल्ला म्हणत थेंबथेंब सोडायला शिकली. घाई केली की शाई वर येते, हे तिला एका पांढऱ्या, पायघोळ जिलबाबाची किंमत मोजून कळलं. प्रिंटरचं सफाईचं बटण ती कधी दाबत नसे, कारण ते निम्मी शाई पिऊन टाकतं. त्याऐवजी दर शुक्रवारी नमाजाआधी चार रंगांची बोटभर पट्टी छापायची, म्हणजे शाईची तोंडं सुकत नाहीत. शुक्री तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचा. फोटो मात्र असे यायचे की चौकातला स्टुडिओवाला तिला सलाम करेनासा झाला होता.

पण आज गुरुवार होता, आणि निळ्या बाटलीत तळाला जेमतेम एक सुई भरेल एवढीच शाई. दुकानात नवी बाटली शनिवारी येणार. कंपनीचा संच घ्यावा तर साठ फोटोंचे सगळे पैसे त्यातच जाणार. आणि नाही म्हणावं, तर हाग्गा स्टुडिओत जाणार, त्यांच्यामागून गल्लीतलं प्रत्येक सुबूअ.

तरी हाग्गांसमोर हात धुऊन तिने एक छापून पाहिला. वरचं निळं झकास उतरलं, मध्यावर रेघा दिसायला लागल्या, आणि खाली बाळाचे गाल येईपर्यंत डबी कोरडी.

हाग्गांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. "हा माझा नातू, की टोमॅटो?"

"शाई संपली, हाग्गा. एका चेहऱ्यामागचं निळं एवढी शाई पितं, तर साठांचं किती पिईल?"

"मग मी चौकात जाते."

"जा की. पण एक सांगा, बाळाला घरी आणल्यापासून त्याचा चेहरा कुणाला दाखवलात?"

"सातव्या दिवसाआधी? माझं डोकं फिरलंय का? सुनेच्या सख्ख्या मावशीलासुद्धा रुमालाआडून."

"आणि उद्या तोच चेहरा साठ घरांत वाटणार?"

हाग्गा शेवटी खुर्चीत बसल्या.

एतमादने त्यांच्या हातातला फोन घेतला. एका फोटोत पांढऱ्या दुपट्यावर नुसतं पाऊल होतं, मुडपलेल्या पाच बोटांचं. "हे छापू. पांढऱ्याला शाई लागत नाही, तो कागदाचाच रंग. आणि नजरेसाठी छापलेलं निळं कशाला? प्रत्येक फोटोच्या कोपऱ्याला खरा निळा मणी ओवून देते."

"तू शाई वाचवतेस. मला कळत नाही असं समजू नकोस."

"वाचवतेच. आणि नातवाचा चेहराही वाचवते."

"मग पैसे कमी घे."

"पैसे ठरले तेवढेच. मणी माझ्याकडून."

"जिभेला काय धार आहे या बाईच्या!" असं म्हणत हाग्गा हसल्या. मग फोनमधल्या पावलाकडे बघत राहिल्या. "अंगठा आजोबांचा आहे बघ. अल्लाह त्यांना जन्नत देवो. छाप हेच."

बाटली तिरकी करून एतमादने शेवटचा थेंबही सुईत ओढला. ती शाई डबीत सोडली आणि डबी कापडावर ठेवून पुरती मुरू दिली. मधल्या वेळात हाग्गांनी चहा मागितला, साखर कमी पडली म्हणून दोनदा उठवलं. दुपारचा जुहरचा नमाज आटोपून एतमादने बटण दाबलं. एका कागदावर चार पावलं बसवली, म्हणजे पंधरा कागद. पहिला बाहेर आला तेव्हा हाग्गांनी तो हातात धरून मुका घ्यायला पटकन तोंडाशी नेला.

"ओला आहे, पुसेल!"

"पुसू दे. हा माझा."

पंधरावा कागदही पहिल्याइतकाच नितळ आला. हाग्गांनी ठेवून घेतलेल्या पहिल्याच्या बदली तिने सोळावा काढला, त्यातही निळं कमी पडलं नाही. कागद खाटेवर वाळत पसरून तिने खिडकी लावली, म्हणजे धूळ बसायची नाही.

"मणी आजच ओवशील ना?"

"अस्रच्या आत, संध्याकाळ व्हायच्या आधी."

एतमादने डोक्यावरून ओढणी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि मशिदीमागच्या दोऱ्यामण्यांच्या दुकानात साठ निळे मणी आणायला निघाली.