शेजारी बसून बघायचं ग्रहण

उत्तरेकडच्या त्या गावात हिवाळ्यात सूर्य दुपारी चारलाच गाशा गुंडाळतो. त्यामुळे खग्रास चंद्रग्रहण ऐन संध्याकाळी, साडेसहाला रंगणार होतं आणि अख्खं गाव नाट्यगृहासमोरच्या चौकात लोटलं होतं. व्यवस्थापकांनी त्यापायी प्रयोगसुद्धा दोन तास पुढे ढकलला होता.

सगळ्यांत उतावीळ होते डिमरकाका. नाट्यगृहाचे दिवे डिमर नावाच्या यंत्रावर एकतीस वर्षं त्यांच्याच हाताखाली मंद आणि तेज होत आले, म्हणून हे नाव. काकू तिथलाच कपडेपट सांभाळायच्या. दोघांनी शेकडो नाटकं पाहिली, पण एकही शेजारी बसून नाही. काका वर काचेच्या खोलीत, तर काकू विंगेत, तोंडात टाचण्या धरून. लोक जोडीनं नाटकाला जातात, आमचा संसार म्हणजे दोन ध्रुव, असा टोमणा त्या अधूनमधून मारत. म्हणून आज आभाळातला खेळ तरी जोडीनं बघू, असा शब्द काकांनी दिला होता. चौकात दोन खुर्च्या मांडल्या, दोघांच्या गुडघ्यांवर एकच ब्लँकेट पसरलं आणि स्वारी ऐटीत बसली.

चंद्राचा लचका गेला, अर्धा गेला, पाऊण गेला. तेवढ्यात नाट्यगृहाच्या दर्शनी भागावरचे दोनशे बल्ब रोजच्या वेळेला आपोआप लागले आणि चौक लखलखला. चंद्र बिचारा फिका पडला. लोकांनी एकच गिल्ला केला. व्यवस्थापक धावत आले, म्हणाले, काका, त्या बल्बांचं तुम्हालाच ठाऊक.

खरंच होतं ते. मेन स्विच पाडावा, तर आत रंगायला बसलेले नट अंधारात. नुसत्या बल्बांचा दांडा तळघरात होता आणि त्याची स्प्रिंग अशी द्वाड, की तो खाली ओढून धरला तरच बल्ब विझत. हात सोडला की दांडा टुणकन वर. जळका बल्ब बदलायचा तेव्हाही काका तो असाच धरून उभे राहत.

काकांनी काकूंकडे पाहिलं. शब्द एकीला दिलेला, अंधार चारशे जणांना हवा. काकूंनी ब्लँकेट आपल्याकडे ओढून घेतलं. ते काकांना टोमण्यापेक्षा जास्त झोंबलं.

तळघराला खिडकी नव्हती. काकांनी दांडा खाली ओढला आणि वर चौकात टाळ्या पडल्या. लग्न दुसऱ्याचं आणि आपण मांडवाचा खांब धरून उभे, अशी गत.

मग पायऱ्यांवर पावलं वाजली. गळ्यात मापाची टेप लटकवलेल्या काकू आल्या, दांडा बघितला, नवरा बघितला.

"एकतीस वर्षं हा हातानं धरताय?"

"स्प्रिंग जबरदस्त आहे गं. दोरीबिरी टिकायची नाही."

"बांधून बघितली होती?"

काकांनी नजर दांड्यावरच खिळवली.

आजच्या नाटकातल्या राजाच्या विजारीत ओवायची नाडी काकूंच्या खिशात होती. तिचे तीन वेढे दांड्याला घातले आणि खालच्या पाइपाला गाठ मारली. काकांनी भीत भीत एक बोट सोडलं, मग दुसरं, मग सगळा हात. दांडा जागचा हलला नाही. राजाच्या पोटापुढे टिकलेली नाडी आहे ती, तुमची स्प्रिंग काय चीज, असं म्हणत काकूंनी त्यांना दंडाला धरून जिन्याकडे ओढलं.

दोघं धापा टाकत वर आली. मिट्ट काळोखात खुर्च्या काही सापडेनात, तेव्हा दारातल्या पायरीवरच खांद्याला खांदा लावून बसली. चंद्राची शेवटची पांढरी कड अजून शिल्लक होती. ती केसाएवढी बारीक झाली, विझली, आणि अख्खा चंद्र तांब्यासारखा लाल होऊन टांगल्यासारखा दिसू लागला. चारशे माणसांत कुणी खोकलंही नाही. असं चिडीचूप सभागृह काकांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांचा उजवा हात नकळत हवेत सावकाश खाली यायला लागला, जणू तो लाल रंग तेच उतरवत होते.

काकूंनी तो हात धरला.

"हा दिवा तुमचा नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं बघा."

आतून राजाच्या हाका येत होत्या. विजार मुठीत धरून तो नाडी शोधत होता. दोघांनाही ऐकू आलं. उठलं कुणीच नाही.